मढी दुसऱ्यांदा उठली, त्या मोहिमेची हकीकत

॥ श्री ॥ प्रथम गजाननास नमन, मग ग्रामदेवतेस नमन, आणि मग पुढल्या खुर्चीत उंच मनुष्य येऊन बसला तरी मान वाकडी करून जे अखेरपर्यंत पाहतात त्या रसिक मायबापांस साष्टांग नमन करून हकीकत लिहितो ती ऐसी जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशी, एका राज्यात मेलेली मढी चवदा वर्षांनी दुसऱ्यांदा उठली. राज्याचे नाव लिहीत नाही. गावाचेही लिहीत नाही, कारण लिहिले तर लोक गाड्या भरभरून येतील आणि नदीच्या घाटावर उभे राहून छबी काढतील, आणि सध्या येतात तितके पुरे आहेत. लिहिणारा कोण हेही पुसू नये. छावणीत चहाच्या किटलीशेजारी बसून जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, जे पाहिले नाही ते ऐकून लिहिले, आणि जे ऐकिलेही नाही तेथे गप्प बसलो, जे पूर्वीच्या बखरकारांस साधले नाही.

आधी मागील वर्तमान सांगणे प्राप्त. शके एकोणीसशे तेहेतीस, खरनाम संवत्सरी, नीलकंठराजे नामे चित्रपटाचे दिग्दर्शक, वय बत्तीस, दाढी काळीभोर, यांच्या मनात आले की मेलेली माणसे उठतात आणि जित्यांस चावतात आणि ज्यास चावले तोही मढे होऊन चालू लागतो ऐसा भयंकर खेळ मांडावा, परंतु पाहणाऱ्याने भिण्याऐवजी हसावे. मनसुबा मोठा आणि फौज नाही. शहरातून तीनशे मढी आणावी तर त्यांस खाऊ काय घालावे, ठेवावे कोठे. मग राजे फिरत फिरत या डोंगरातल्या गावी आले आणि चावडीपुढे उभे राहून म्हणाले की आपण सर्वांनी कृपा करून मरावे. गावास ही मागणी अवघड वाटली नाही. कारण या गावात पूर्वापार चाल ऐसी की चैत्राच्या जत्रेत सोंगे निघतात, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचे, त्यास मान म्हणतात. नरसिंहाचा मान जाधवांचा, त्राटिकेचा मोऱ्यांचा, आणि देवीचा मान बाळा तात्यांचा. बापामागे लेक सोंग घेतो, दुसऱ्याने त्यास हात लावू नये. गावाने मढीही तशीच घरवार वाटून घेतली, आणि त्यावरून दोन भांडणे जाहली, आणि दोन्ही तात्यांनी मिटविली.

त्या फौजेत रावजी शेलार आणि त्यांची बायको सगुणाबाई ही उभयता होती. पोटी मूल नव्हते, घरात दोनच माणसे, ती दोन्ही मढी जाहली. चित्रपटाचे नायक विक्रांतराव, ज्यांस आम्ही सरनौबत म्हणू, त्यांनी घाटाच्या पायऱ्यांवर सगुणाबाईचे मुंडके फावड्याने उडविले, आणि ते बनावट मुंडके एकेचाळीस पायऱ्या गडगडत नदीत पडले, आणि पडताना प्रत्येक पायरीस त्याने डोळे मिचकावले. त्या एका मुंडक्यावर अवघे राज्य हसले. लोक पोट धरून खुर्चीवरून खाली आले. आणि सरनौबत फावड्यावर रेलून बोलिले की मुंडके गेले त्यास उठणे नाही. हे वाक्य पुढे ऐसे चालले की शाळेत मास्तर पाढा चुकलेल्यास ते ऐकवू लागले. या मोहिमेत राजांस जे यश आले त्यास तोड नाही. मात्र पुढे राजांनी गंभीर विषयांवर तीन स्वाऱ्या केल्या, आणि तिन्हीत सपाटून मार खाल्ला, आणि दाढी पांढरी जाहली. मग जो भेटेल तो विचारी, राजे, मढी पुन्हा कधी उठणार. राजे प्रथम रागावले, मग हसले, मग एके दिवशी कागद घेऊन बसले. असो.

तेव्हां मार्गशीर्षात छावणी गावात आली. तंबू पडले, वायरी पसरल्या, कॅमेरा नामे एकडोळे यंत्र चावडीपुढे रोविले आणि नारळ फुटला. छावणीत मृण्मयी नामे एक हुशार बाई होत्या. त्यांचे काम ऐसे की मागच्या चित्रांत कोण कोठे उभा होता, कोणाची बाही फाटलेली होती, ते सर्व कागदोपत्री ठेवावे आणि चूक धरावी. त्यांस आम्ही चिटणीस म्हणू. त्यांनी जुन्या छब्या काढून गावकऱ्यांस ओळीत उभे केले आणि पाहतात तो कपाळावर हात मारिला. कारण मढ्याचे वय वाढत नाही हा सृष्टीचा नियम, आणि इकडे जाधवांचे पोट पुढे आलेले, मोऱ्यांचे केस गेलेले, आणि एका मढ्याने तर नवी कवळी बसविलेली, दात पूर्वीपेक्षा उत्तम. चिटणीस म्हणाल्या की मेलेला मनुष्य चवदा वर्षांत इतका लठ्ठ कसा होईल, लोक हसतील. तेव्हां बाळा तात्या, वय एकोणऐंशी, शांतपणे म्हणाले, "मढं फुगतंच की बाई." चिटणिसांनी ते कागदावर टिपून घेतले आणि पोटांचा प्रश्न निकाली निघाला.

दुसरा घोटाळा याहून मोठा. राजांस ठाऊक नव्हते की ते गेल्यावर गावाने मढ्यांचा खेळ जत्रेतल्या सोंगांत घातला आणि चवदा चैत्र नेमाने केला. आता जे जत्रेत गेले त्यास रीत आली. सबब पहिले दिवशी ऐसे जाहले की सरनौबत, ज्यांस आता गुडघ्यांची तक्रार आणि डोक्यावर उसने केस, ते जीव घेऊन पळत देवळाच्या अंगणात शिरले, आणि मागून दोनशे मढी हात पसरून, माना टाकून, घशातून आवाज काढीत ऐसी आली की आमच्या हातची किटली लवंडली. आणि मग अंगणाच्या कडेस येऊन दोनशेही मढी थांबली, आणि प्रत्येकाने वाकून चपला काढिल्या, आणि त्या नीट जोडीने लाविल्या, आणि देवास हात जोडिले, आणि मग पुन्हा माना टाकून आवाज काढीत सरनौबतांवर धावली. तोवर सरनौबत मागल्या दाराने निघून चहास येऊन बसले होते. राजे ओरडले की हे काय. तात्या म्हणाले की मढे जाहले म्हणून काय देवळात चपला घालून जावे. राजे बराच वेळ डोके धरून बसले, आणि मग त्यांचे खांदे हालू लागले, आणि आम्हांस वाटले रडतात, तो हसत होते. म्हणाले, हे ठेवा, हे आम्हांस सात जन्मांत लिहिता आले नसते. तेव्हांपासून छावणीत आनंद जाहला आणि राजांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसू लागला.

आता मुख्य प्रकरण. तिसरे दिवशी सगुणाबाई, वय सदुसष्ट, हिरवे लुगडे नेसून, कपाळास गोपीचंदन लावून राजांपुढे उभी राहिली. रावजींस वारून चार वर्षे जाहली होती. ते खरेच वारले, खेळात नव्हे. बाईचे म्हणणे इतकेच की आम्हांसही घ्या. सगळा गाव मढे होऊन फिरतो आणि मी एकटी ओट्यावर तांदूळ निवडीत बसते. जत्रेत चवदा वर्षे असेच चालले आहे. गाव मला मानाने खुर्ची देतो, बाहेरून आलेले लोक मुंडकेवाली बाई म्हणून पाया पडतात, परंतु खेळात घेत नाहीत, म्हणतात तुमचे मुंडके गेले. राजांस फार वाईट वाटले. परंतु नियम त्यांचाच, वाक्य त्यांनीच लिहिलेले, आणि पोरेसोरेही ते पाठ म्हणतात. बाई उठली तर लोक आपल्यासह हसणार नाहीत, आपणांस हसतील. राजांनी विचारिले की गर्दीत तोंड झाकून उभ्या राहाल का, किंवा जिवंत बाईचे काम देऊ का. बाई म्हणाली, जिवंत तर मी घरीही आहे. आणि निघून गेली. त्या दिवशी तिने पाठविलेली भाकरी राजांनी तशीच बाजूस ठेविली, ती आम्ही खाल्ली.

आणि योगायोग म्हणावा तर त्याच सुमारास रावजींची जागा अडली. पहिल्या चित्रपटात रावजींचे मढे फार गाजलेले. ते सर्वांच्या मागून येई, उजवा हात पुढे करून, दोन बोटांनी हवेत काही चिमटीत धरू पाहत. पाहणारे म्हणत की या मढ्यास काय हवे आहे. कोणी म्हणे भूक आहे, कोणी म्हणे मागल्या जन्मीचे काही राहिले आहे. मोठमोठ्या विद्वानांनी त्यावर लेख लिहिले. दुसऱ्या चित्रपटाची कथा राजांनी त्याच मढ्यावर रचिली होती. गावचा नियम पाहता वारस नाही म्हणून ती जागा रिकामी. राजांनी शहराहून एक कसलेला नट बोलाविला, अंगाने रावजींच्याच बेताचा, रंगविल्यावर चेहराही तसाच दिसे. त्याने सात दिवस जुने चित्र पाहून अभ्यास केला होता. परंतु यंत्रापुढे चालला तो कोणासच पटेना. हात पुढे करी तो तिकीट मागितल्यासारखा वाटे. अकरा वेळा चालविले, अकरा वेळा राजांनी मान हालविली. पारावरच्या बायका म्हणाल्या की हे रावजी नव्हेत. नट बिचारा घामाघूम. त्याने विचारिले की या मढ्यास नेमके हवे तरी काय होते, ते कळले तर करीन. राजे म्हणाले, आम्हांसही ठाऊक नाही, त्यांनी जे केले ते आपल्याच मनाने केले, थोर नट होते.

तेव्हां ओट्यावरून सगुणाबाई उठून आली. म्हणाली, "थोर न् बिर काय न्हाई. तुम्ही त्यांचा चश्मा काढून घेतला व्हता. मढ्याला चश्मा नसतो म्हणालात. त्यांला चश्म्याबिगर हाताची बोटं दिसत न्हवती. माझा पदर धरून चालायचे. मग माझं मुंडकं उडवलंत, न् म्या बाजूला जाऊन बसले. तवापासनं ते पदरच चाचपत व्हते."

चिटणिसांच्या हातचा कागद खाली गेला. राजांनी विचारिले की ते कसे चालत ते दाखवाल का. बाईने पदर खोचला, डोळे अर्धे मिटले, आणि धुळीत चार पावले चालून दाखविली. पाऊल टाकण्याआधी अंगठ्याने जमीन चाचपून पाही, आणि मग टाच टेकी, आणि हात पुढे जाई तो मागण्यासाठी नव्हे, येथे असायला हवे होते, कोठे गेले, ऐसा जाई. चवथ्या पावलास पारावरच्या बायकांनी तोंडास पदर लाविले. शहरचा नट प्रामाणिक मनुष्य, त्याने तेथल्या तेथे अंगातला रावजींचा सदरा काढून बाईपुढे धरिला आणि म्हणाला, हे मला जमणार नाही, हे यांचेच आहे. तो नट थोर, हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवितो.

राजे आनंदाने उडी मारणार तोच बाळा तात्या काठी टेकीत मधे आले. म्हणाले, "सगुणे, सोंग बापाकडनं लेकाला जातं. बाई बाप्याचं सोंग घेत न्हाई. ही रीत न्हाई." तात्यांचा शब्द मोडण्याची चाल नाही. राजांचे तोंड उतरले. सगुणाबाई तात्यांपुढे उभी राहिली आणि आवाज न चढविता बोलिली, "तात्या, देवीचं सोंग कोन घेतं? साठ वर्सं मिशी ठिवून मळवट फासून तुम्ही देवी व्हता, न् आम्ही तुमची वटी भरतो. कधी कुनी इचारलं, बाप्या देवी कसा? घरात दोन मानसं व्हती. एकाचा मान रिकामा पडलाय न् दुसरं अजून जित्तं हाये. मग वारस कोन, शेजारी का?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरविला. मग म्हणाले की ओटी भरून घेतलेली आहे खरी, साठ खण घरात पडले आहेत. आणि काठीने धुळीत रेघ ओढून सांगितले की शेलारांच्या घरचा मान शेलारांच्या घरीच राहील, कोणी आडवे येऊ नये. मग गावाने टाळ्या पिटल्या, आणि रंगवणारांनी बाईचे केस धोतराच्या फडक्याखाली बांधिले, आणि मिशी चिकटविली, आणि सदरा चढविला. आरशात पाहून बाई म्हणाली की मिशीचे टोक डावीकडे खाली हवे, चहा पिऊन ते तसेच राही. मिशी दुरुस्त केली. त्यानंतर दहा दिवस सगुणाबाई रावजी होऊन चालली, आणि एकदाही दुसऱ्यांदा चालवावे लागले नाही, आणि राजे यंत्रामागे उभे राहून नुसते हसत, आणि कधी नाक पुसत. दुपारी जेवणाच्या पंगतीत ती मिशी न काढता बसे, आणि जाधव तिला चुकून रावजीभाऊ म्हणून लोणचे मागत, आणि ती देई.

शेवटले दिवशी मात्र पेच पडला. कथेचा शेवट राजांनी ऐसा लिहिला होता की सर्व मढी पडतात, अखेरचे एक रावजींचे राहते, आणि घाटाच्या पायऱ्यांवर सरनौबत फावड्याने त्याचेही मुंडके उडवितात, आणि राज्य मढ्यांपासून मोकळे होते. मुंडके तयार होते. अगदी हुबेहूब रावजी, मिशीचे टोक डावीकडे खाली. बाईस आधी कोणी सांगितले नव्हते, कारण सर्वांस वाटे की दुसऱ्याने सांगितले असेल, आणि हा दोष छावणीचा, गावाचा नव्हे. बाईने ते मुंडके पेटीत पाहिले आणि पेटी मिटली. मग रावजींच्याच वेषात राजांपाशी येऊन म्हणाली की हे होणार नाही.

राजांनी परोपरीने समजाविले. हा खेळ आहे, सर्व कथा या एका घावासाठी रचिली आहे, लोक चवदा वर्षे थांबले ते पुन्हा एकदा मुंडके गडगडताना पाहण्यासाठी, घाव नसेल तर शेवट नाही, आणि शेवट नसेल तर ही चवथी स्वारीही बुडाली आणि आम्हीही बुडालो. राजे हे खोटे बोलत नव्हते. बाईने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, "सायेब, आमच्या घरानं एक मुंडकं दिलंय. लोक हसले, म्याबी हसले. दुसरं मागू नगा. ते एकदा गेलेत, म्या बघितलंय. पुन्यांदा नको."

राजांनी विचारिले, "मग मावशी, शेवट काय करू?" बाई म्हणाली, "चालू द्या की त्यांला. कुनाला चावत न्हाईत, दिसत तर न्हाईच. जातील कुठंतरी."

तेव्हां सरनौबत विक्रांतराव, जे इतका वेळ फावडे घेऊन पायरीवर बसले होते, ते उठले. त्यांस चवदा वर्षांत उगारण्याखेरीज दुसरे काम कोणी दिले नव्हते. म्हणाले, राजे, यंत्र सुरू करा, पाहू काय होते. यंत्र सुरू जाहले. रावजींचे मढे पायरी चाचपीत आले. सरनौबतांनी फावडे उगारिले. मढे दोन बोटे पुढे करून थेट त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या सदऱ्याचे टोक चिमटीत धरिले, आणि थांबले. हे कोणी सांगितले नव्हते. सरनौबतांनी फावडे हळूच खाली ठेविले, आणि वळले, आणि त्या मढ्यास मागे घेऊन, एकेक पायरी सांभाळीत, वर चढू लागले, आणि चढता चढता मागे न पाहता म्हणाले, जरा जपून, पुढची पायरी मोडकी आहे. राजे थांबा म्हणण्याचे विसरले. ती दोघे घाट चढून दिसेनाशी जाहली तरी यंत्र चालूच होते. आम्हीही चहा द्यायचे विसरलो, आणि कोणी मागितलाही नाही.

पुढे फाल्गुनात चित्रपट लागला. तालुक्याच्या चित्रगृहात दुपारच्या खेळास अवघा गाव दोन ट्रकांत बसून गेला. चपलांच्या प्रसंगी लोक ऐसे हसले की पाच मिनिटे पुढचे ऐकू आले नाही, आणि जाधवांच्या पोटास शिट्ट्या पडल्या, आणि अखेरीस मढे सदरा धरून घाट चढू लागले तेव्हां हसता हसता सभागृह निवांत जाहले, आणि मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. राजे मागल्या दाराशी उभे होते. त्यांचा श्वास मोकळा जाहला हे आम्ही शेजारी असल्याने ऐकिले.

बाहेर उन्हात आल्यावर तात्यांनी सगुणाबाईस विचारिले, "काय सगुणे, एवढा हट्ट केलास, दिसलीस का पिच्चरमंदी?"

बाई डोळे पुसून हसली. म्हणाली, "म्या कुठं व्हते त्यात, तात्या? हेच व्हते की सगळीकडं. अगदी समोरनं चालत गेले."

येणेप्रमाणे चवदा वर्षांनी मढी उठली, दोनशे पडली आणि एक घाट चढून गेले, ते अद्याप परत आले नाही. राजांस यश आले, सरनौबतांस नवे काम मिळाले, गावच्या रिवाजात एक कलम वाढले की मान घराचा असतो, बाप्याचा नव्हे. लिहिण्यात अधिकउणे जाहले असेल ते वाचणाऱ्याने पोटात घालावे. हकीकत पुरी.